तोल रोज, ताकद दिवसाआड

हातांवर उभे राहणे, रिंगांवर शरीर आडवे धरणे, मल्लखांबावर दसरंग करणे, एका पायावर पूर्ण बसून पुन्हा उठणे, या सगळ्या कसरतींत सांभाळायचे वजन एकच असते, स्वतःच्या शरीराचे. लोखंडी वजनांच्या व्यायामात आज २० किलो, पुढच्या आठवड्यात २२ किलो अशा पायऱ्या लावता येतात. इथे ६० किलोच्या माणसाला ६० किलोच पेलायचे असतात. हातपाय जवळ घेतले की ते हलके वाटतात, लांबवले की भारी. शिवाय नुसत्या ताकदीवर भागत नाही. ताकद आहे पण तोल नाही, असा माणूस हातांवर दोन सेकंदही टिकत नाही. आणि तोल कळला पण खांदा कच्चा राहिला, तर तो तोल वापरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे या कसरती आठवड्यातून किती वेळा कराव्यात, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

दोन उत्तरे मात्र वर्षानुवर्षे दिली जातात. तालमीचे उत्तर ‘रोज’. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब यांत खाडा पडू द्यायचा नाही, हा तिथला दंडक. वजने उचलणाऱ्यांचे उत्तर ‘दिवसाआड’. स्नायू विसाव्यात वाढतो, तो विसावा त्याला मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. एकाच कसरतीत शरीराचे निदान तीन भाग शिकत असतात. एक चेतासंस्था, दुसरा स्नायू आणि तिसरा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट दोर. चेतासंस्था एका रात्रीत पुढे सरकते. स्नायूला दीड-दोन दिवस लागतात. कंडरेचा हिशेब महिन्यांचा असतो. एखादी कसरत किती वेळा करायची, हे तिचा ताण ज्या भागांवर पडतो त्यांतल्या सर्वांत मंद भागावरून ठरवायचे असते.

मनगटातला तोल

पायांवर स्वस्थ उभा असलेला माणूसही खरे तर सारखा कलत असतो आणि घोटा त्याला सारखा सावरत असतो. सवयीमुळे ते जाणवत नाही. हातांवर उभे राहिल्यावर घोट्याचे हे काम मनगटाकडे येते. शरीर बोटांच्या बाजूला झुकले की बोटांची टोके जमिनीत रुतवायची, उलट्या बाजूला झुकले की बोटे सैल सोडून भार तळहाताच्या मागच्या उंचवट्यावर घ्यायचा. पाया वीतभरही लांब नसतो आणि त्यावर अख्खी उंची तोलायची असते. कल जाणवणे आणि मनगटाने उत्तर देणे यांच्यात क्षणाचा काही अंशच मिळतो. विचार करून सावरायला गेले तर तोवर पाय खाली आलेले असतात. म्हणजे हे सावरणे विचाराच्या खालच्या पातळीवर उतरावे लागते, सायकलसारखे.

ते उतरते फक्त पुनरावृत्तीने, आणि इथे एक साधा हिशेब आडवा येतो. नवशिक्या भिंतीपासून सुटून एका प्रयत्नात दोन-तीन सेकंद तोलात राहतो. दहा मिनिटांत असे वीस प्रयत्न झाले, तर खऱ्या तोलाचा सराव मिनिटभराचाच होतो. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याच्या पदरात आठवड्याला दोन मिनिटे पडतात, सहा दिवस करणाऱ्याच्या पदरात सहा. एकाच दिवशी तासभर झुंजून ही सहा मिनिटे भरून काढता येतील असे वाटते, पण तसे होत नाही. पंधरा-वीस मिनिटांनंतर खांदे थकतात, कोपर किंचित वाकू लागतात, कंबर मोडते. मग जे शिकले जाते ते थकलेल्या, वाकड्या शरीराला सावरणे. दुसऱ्या दिवशी ताज्या शरीराला त्याचा फारसा उपयोग नसतो.

सराव तुकड्या-तुकड्यांत विखुरला तर तो अधिक पक्का होतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्येच पाठांतराबाबत दाखवले होते. हाताच्या कौशल्याबाबतचा एक ठळक पुरावा मात्र टपाल खात्यातून आला. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना नव्याने टंकलेखन शिकवले गेले. काहींना दिवसातून एकच तास, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका. कळफलक अंगवळणी पडायला रोज एक तास शिकणाऱ्यांना सुमारे ३५ तास लागले, तर रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५०. दिवस मोजले तर चार तासवाल्यांचे शिक्षण आधी उरकले, हे खरे. पण तासांचे मोल करणाऱ्याच्या दृष्टीने थोडा-थोडा रोज हाच सौदा फायद्याचा ठरला. या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष शिकवणाऱ्याने तर मनात कोरूनच ठेवावा. सर्वांत कमी तासांत शिकलेला हाच गट आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता. थोडक्यात आटोपलेला सराव शिकणाऱ्याला अपुरा वाटतो, आणि दहा मिनिटांत मुलाला हातांवरून खाली उतरवणारा प्रशिक्षक त्याला कंजूष वाटतो. तरी उतरवणेच बरोबर.

रात्रीची झोप हा या सरावाचा दुसरा अर्धा भाग आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचे एक साधे काम लोकांना शिकवले. दिवसभर जागे राहून पुन्हा केले तेव्हा फारसा फरक पडला नाही. झोपून उठल्यावर मात्र मध्ये काहीही सराव न करता वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. काल संध्याकाळी काही केल्या न जमलेली कसरत सकाळी पहिल्याच प्रयत्नात जमते, हा आखाड्यातला जुना अनुभव याच्याशी जुळतो. सहा दिवसांच्या सरावात अशा सहा रात्री येतात. एका दिवसात कोंबलेल्या सरावाला एकच रात्र मिळते.

म्हणून तोलाच्या कसरतींसाठी आठवड्यातून पाच-सहा दिवस, दिवसाला दहा ते पंधरा मिनिटे, आणि तीही अंग ताजे असताना, हे प्रमाण चांगले. हातांवर उभे राहणे, बकासन, एका पायावर तोलणे, दोरीवर किंवा पट्टीवर चालणे या सगळ्यांना ते लागू पडते. भिंतीकडे पोट करून केलेला सराव शरीराची रेषा सरळ शिकवतो. पाठ भिंतीला लावली की कमरेला बाक येतो आणि ती सवय पुढे मोडायला फार दिवस जातात.

आडव्या शरीराचे गणित

मयूरासन बहुतेकांनी पाहिलेले असते. कोपरे पोटात रुतवून शरीर जमिनीला समांतर उचलले जाते. त्यात पोटालाच टेकू मिळतो आणि हातांचे दोन खांब त्याला खालून आधार देतात. जिम्नॅस्टिक्समधला प्लांच दिसायला तसाच, पण कोपरे पोटापासून सुटलेली आणि हात ताठ. टेकू गेला की सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर येतो. शरीराचा गुरुत्वमध्य तळहातांच्या वर आणायला खांदे मनगटांच्या बरेच पुढे न्यावे लागतात, आणि पाय जितके लांब तितके खांदे अधिक पुढे. म्हणून आधी गुडघे छातीशी आवळून, मग पाठ सपाट करून, मग पाय फाकवून आणि सर्वांत शेवटी पाय जोडून, अशा पायऱ्यांनी प्लांच शिकवतात. दोन पायऱ्यांमधले अंतर कधी कधी वर्षभराचे असते.

रिंगांवरचा क्रॉसही असाच अवघड. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरून त्यांवर शरीर उभे टांगायचे. सोव्हिएत संघाकडून खेळलेल्या आर्मेनियाच्या अल्बर्ट अझारियान याने १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये रिंगांचे सुवर्णपदक घेतले, ते याच प्रकारच्या ताकदीच्या जोरावर. स्पर्धेच्या नियमांनुसार अशी स्थिती दोन सेकंद स्थिर ठेवली की ती धरली जाते. त्या दोन सेकंदांमागे काही वर्षांचा सराव असतो.

या कसरतींत स्नायू आपल्या कमाल क्षमतेच्या जवळ काम करतो. असे काम चालते ते स्नायूत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर, आणि हा साठा काही सेकंदांतच उतरतो. तो जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून पाच-दहा सेकंद धरायचे, नीट थांबायचे, पुन्हा धरायचे, अशी चार-पाच आवर्तने केली की त्या दिवसाचे काम झाले. घाम फारसा येत नाही, दम लागत नाही, आणि त्यामुळे काही केलेच नाही असे वाटून माणूस आणखी करत राहतो. तिथून पुढचे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा वाकडे होत जाते.

या श्रमानंतर स्नायूत नवी प्रथिने बनण्याचा वेग वाढतो. मॅकडूगल आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात वजने उचलल्यानंतर २४ तासांनी हा वेग दुपटीहून थोडा अधिक आणि ३६ तासांनी जवळपास पूर्ववत झालेला आढळला. व्यायामाची सवय नसलेल्यांत तो ४८ तासांपर्यंतही चढा राहतो. दिवसाआड या जुन्या सल्ल्याला असा आधार आहे. आठवड्यातून एकदाच केले तर बांधणी दोन दिवसांत संपते आणि पुढचे पाच दिवस नवे काही घडत नाही. रोज केले तर अर्धवट सावरलेल्या स्नायूवर पुन्हा घाव बसतो.

तरीही किती वेळा या आकड्याला अवास्तव महत्त्व देऊ नये. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्नायूंच्या वाढीसाठी आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा करणे सरस दिसले. २०१९ च्या त्यांच्या मोठ्या आढाव्यात मात्र आठवड्याचे एकूण काम सारखे ठेवल्यावर दिवसांच्या संख्येने फारसा फरक पडत नाही असे आढळले. हे अभ्यास मुख्यतः वजनांच्या व्यायामाचे आहेत, पण त्यांतला धडा इथेही उपयोगी आहे. दिवसांची संख्या म्हणजे एकूण काम वाटून घेण्याची रीत. प्लांचची बारा चांगली आवर्तने एका दिवशी होत नाहीत, तीन दिवसांत चार-चार सहज होतात. म्हणून आठवड्यातून तीनदा.

नवशिक्याला ही विभागणी आणखी मानवते. मोरितानी आणि डिव्हराइस यांनी १९७९ मध्ये दाखवले की ताकदीच्या व्यायामात पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतासंस्थेमुळे असते. स्नायू तेवढाच असतो, मेंदू त्याचा अधिक भाग एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. म्हणजे सुरुवातीची ताकदही एका अर्थी कौशल्यच, आणि कौशल्याला वरचेवर भेट लागते.

मग तालमीत रोज शेकडो जोर मारणारा पैलवान थकून का पडत नाही? कारण जोराच्या स्थितीत हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो, तो दोन हातांत वाटला जातो, आणि ज्याला पाचशे जोर झेपतात तो रोज दोनशेवर थांबतो. त्याच्या कमाल क्षमतेच्या मानाने प्रत्येक जोर हलका असतो. पुल-अप्स वाढवू पाहणारे हीच युक्ती वापरतात. कमाल दहा जमत असतील तर दिवसातून चार-पाच वेळा फक्त चार-पाच काढायचे, कधीही दमेपर्यंत नाही. थकवा साचत नाही आणि चेतामार्ग मात्र रोज वापरात राहतो. रोज करायचे ते अर्ध्या जोराने, आणि पूर्ण जोराने करायचे ते दिवसाआड. तालीम आणि व्यायामशाळा यांच्यातला जुना वाद इथे मिटतो.

कंडरेचे घड्याळ

स्नायूला भरपूर रक्तपुरवठा असतो. कंडरेला तो फार कमी असतो. तिच्यात पेशी थोड्या आणि कोलॅजन या प्रथिनाचे घट्ट पीळ अधिक. हे पीळ किती जुने असू शकतात, याचा शोध अणुबाँबच्या चाचण्यांनी अनपेक्षितपणे सोपा केला. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. अन्नातून तो कार्बन शरीरात आला आणि ज्या वर्षी जी ऊती बनली त्या वर्षाची खूण तिच्यात राहिली. डेन्मार्कमधल्या काट्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टाचेमागच्या कंडरेचे नमुने या खुणेवरून तपासले. कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत बनतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही, असे त्यांना आढळले. चाळिशीचा माणूस जो गाभा घेऊन उडी मारतो, तो त्याच्या शाळेच्या दिवसांतला असतो.

याचा अर्थ प्रौढ कंडरा सरावाला प्रतिसादच देत नाही असा नव्हे. ती देते, पण सावकाश. श्रमानंतर कोलॅजन बनण्याचा वेग २४ तासांच्या सुमारास सर्वाधिक होतो आणि ७२ तासांनीही तो चढाच असतो, हे कोपनहेगनमधल्याच संशोधकांनी २००५ मध्ये मांडले. मात्र याच काळात जुने कोलॅजन मोडतही असते. पहिले दीड दिवस मोडतोड बांधणीच्या पुढे असते, मग बांधणी पुढे जाते. मोडतोडीच्या त्या दीड दिवसात पुन्हा तितकाच जबर ताण दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला, तर शिल्लक उणीकडे झुकत जाते. एका दिवसात काही बिघडत नाही. सहा-आठ आठवड्यांनी कोपरात एक बारीक दुखणे बसलेले सापडते आणि त्याची सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही.

कसरतपटूंच्या बाबतीत धोका आणखी एका कारणाने वाढतो. चेतासंस्था आणि स्नायू पुढे धावतात, कंडरा मागे राहते. तीन महिन्यांत ताकद इतकी वाढते की पुढची पायरी सहज जमते, पण तो भार ज्या दोरावर येतो तो अजून मागच्या पायरीच्या लायकीचा असतो. ताठ हाताच्या कसरतींत हे फार घडते. कोपर वाकलेले असताना भार स्नायू वाटून घेतात. कोपर पूर्ण ताठ झाले की दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा कोपराच्या खोबणीत ताणली जाते आणि तिच्यावर मोठा भार येतो. प्लांच, क्रॉस आणि त्यांच्या जातीच्या सगळ्या कसरती ताठ हाताच्या आहेत. म्हणून त्या आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि दोन दिवसांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर राखून कराव्यात. ताकद तयार वाटली तरी पायरी बदलण्यापूर्वी त्याच पायरीवर आणखी काही आठवडे रेंगाळणे हा खऱ्या अर्थाने शहाणपणाचा वेळ आहे.

कंडरेचे दुखणे ओळखण्याची एक खूण आहे. स्नायूचे दुखणे व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, स्नायूभर पसरलेले असते आणि आपोआप ओसरते. कंडरेचे दुखणे बोटाने दाखवता येईल अशा एका ठिकाणी असते. सराव सुरू केला की अंग तापताच ते नाहीसे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेपणा घेऊन परतते. तापल्यावर थांबते म्हणून ते किरकोळ असावे, हा समज फार महागात पडतो. दुसऱ्या सकाळची अवस्था हीच त्याची खरी मोजणी. ती रोज थोडी वाईट होत असेल तर दिवस कमी करावेत, ताण हलका करावा आणि दुखणे टिकले तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पूर्ण बंद करणे हाही सहसा उपाय नसतो, कारण ताणाशिवाय कंडरा आणखी दुबळी होते.

मनगटाचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. तोलाचा सराव रोज करावा हे वर म्हटले, पण हातांवर उभे राहताना ६० किलोच्या माणसाच्या एकेका मनगटावर ३० किलो येतात आणि तेही मनगट मागे काटकोनात वाकलेले असताना. मेंदूला रोज हवे, मनगटाला रोज नको, असा हा पेच आहे. तो सोडवायचा तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक दिवस हातांवर, एक दिवस कोपरापुढचा हात जमिनीला टेकवून केलेल्या तोलावर असे आलटून-पालटून करावे, किंवा जमिनीला समांतर दांड्या वापराव्यात. दांडी धरली की मनगट सरळ राहते. सुरुवातीला गुडघे टेकून तळहातांवर पुढेमागे झुलणे आणि बोटांवर भार घेणे ही पाच मिनिटांची तयारी रोज चालते.

वाढत्या वयातल्या मुलांचे मनगट तर फारच जपण्याची गोष्ट आहे. मनगटाशी असलेल्या हाडाच्या टोकाजवळ वाढ घडवणारा मऊ कूर्चेचा थर असतो आणि तो किशोरवयाच्या अखेरीपर्यंत उघडा असतो. त्यावर पुन्हा पुन्हा दाब आला तर तो सुजतो, आणि दुर्लक्ष झाले तर हाडाची वाढ खुंटू शकते. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलामुलींमध्ये ही दुखापत इतकी परिचित आहे की वैद्यकात ती जिम्नॅस्टचे मनगट या नावानेच ओळखली जाते. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हातांवर भार घेण्याचे दिवस कमी करावेत. मनगट दुखते म्हणणाऱ्या मुलाला सहन कर असे कधीही सांगू नये.

खांबावरचा आठवडा

या सगळ्याचा मेळ घालणारी एक पद्धत महाराष्ट्रातच आहे. मल्लखांब हा मुळात कुस्तीचा जोडीदार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला आजचे रूप दिले असे मानले जाते. दादरच्या शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मल्लखांबाचा सराव बहुतेक ठिकाणी रोजचा असतो आणि तरी तो अंगावर येत नाही, याचे कारण त्याच्या प्रकारांच्या वर्गवारीत आहे. अढीत खांब मांड्यांनी आणि पायांनी कवटाळला जातो. बगलीत भार काखेवर येतो. दसरंगात हातांची पकड घेऊन शरीर उलटे फेकले जाते, तेव्हा खांदा आणि मनगट काम करतात. आसनांत लवचीकता लागते आणि ताजव्यात निखळ तोल. अनुभवी वस्ताद हे वर्ग आलटून-पालटून घेतो. मुलगा खांबावर रोज चढतो, पण त्याच्या खांद्याला दसरंगाचा पूर्ण भार रोज सोसावा लागत नाही.

खांबावर एक चौथे घड्याळही चालते, कातडीचे. खांबाला एरंडेल चोळलेले असते, तरी मांडीच्या आतली आणि काखेतली कातडी सोलवटते. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरावी लागते, तिथे पहिले काही आठवडे साल निघते. रिंगांवर तळहाताला घट्टे पडतात आणि जास्त वाढले तर फाटतात. कातडी फाटली की सराव चार-सहा दिवस बंद. म्हणून नव्या मुलाला दोरीवर सुरुवातीला दिवसाआड चढवणे बरे.

साधारण प्रकृतीच्या प्रौढासाठी आठवडा असा लावता येतो. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आधी दहा मिनिटे तोल, मग ताकदीच्या दोन कसरती, एक ढकलण्याची आणि एक ओढण्याची. त्यांतल्या फक्त दोन दिवशी ताठ हाताची कसरत. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दहा-पंधरा मिनिटे तोल, मनगटाची तयारी, खांद्याची आणि कमरेची लवचीकता, आणि हवे तर अर्ध्या जोराने थोड्या जोर-बैठका. रविवारी विसावा. दर चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा ताकदीची आवर्तने निम्म्यावर आणावीत. तोलाचा सराव तसाच ठेवला तरी चालतो. राष्ट्रीय पातळीवरचे जिम्नॅस्ट आठवड्याला वीस-तीस तास सराव करतात हे खरे, पण त्यांच्या कंडरा त्या वयाच्या आत तयार झालेल्या असतात ज्या वयानंतर गाभा फारसा बदलत नाही. तिशीत सुरुवात करणाऱ्याने त्यांचे वेळापत्रक उचलू नये.

साठीपुढच्या माणसाला हातांवर उभे राहायचे नसते, पण तोल त्यालाच सर्वांत जास्त हवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत असे सांगितले आहे. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे एवढ्यापासून सुरुवात होते, आणि हलक्या तोलाचा हा सराव रोजही चालतो.

परीक्षा, पावसाळ्यातली आजारपणे, लग्नसराई यांमुळे सराव सुटतोच. तेव्हा सगळेच गेले असे समजण्याचे कारण नाही. कमावणे आणि टिकवणे यांच्या किमतीत मोठा फरक आहे. बिकेल आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात लोकांनी १६ आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम केला आणि पुढचे ३२ आठवडे काहींनी तो एक-नवमांशावर आणला, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि तोही थोडा. तरुणांनी तेवढ्यावर कमावलेला स्नायू टिकवला. साठीपुढच्यांचा स्नायू थोडा घटला, पण ताकद बरीचशी राहिली. अडचणीच्या महिन्यात आठवड्याला एक दिवस ताकदीची दोन-तीन चांगली आवर्तने आणि जमेल तेव्हा पाच मिनिटे हातांवर, एवढे पुरते.

पूर्ण खंड पडला असेल तर परतताना तीन घड्याळे पुन्हा वेगळी चालतात. तोल काही दिवसांत आठवतो. ताकद काही आठवड्यांत परत येते, पहिल्या वेळेपेक्षा लवकर. कंडरेला मात्र जवळपास नव्याने चढावे लागते, आणि ताकद आधी आलेली असल्याने हे लक्षात येत नाही. तीन महिन्यांनी परतणाऱ्याने ताठ हाताच्या कसरतींत दोन पायऱ्या खाली उतरून, पहिला महिना आठवड्यातून दोनदाच, अशी सुरुवात करावी. तोलाचा सराव मात्र, मनगटाला आलटून-पालटून विसावा देत, पहिल्या दिवसापासून रोज करावा.